अभ्यासिकेतील उजेड मोजण्यासाठी रेडियन्स: इन्स्टॉल कसे करावे आणि सुरुवात कुठून करावी?

केतकी_नौपाडा | शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार. नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक छोटी अभ्यासिका आहे. खोली चार मीटर रुंद आणि सहा मीटर खोल असून उत्तरेच्या भिंतीला दोन खिडक्या आहेत. खिडक्यांपासून अडीच मीटरवर कुंपणाची भिंत आहे आणि ती पावसाळ्यात शेवाळाने काळी पडते. दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुले तिथे सकाळी सातपासून बसतात. पण भर दुपारीसुद्धा मागच्या बाकांवर ट्यूबलाइट लावल्याशिवाय पुस्तकातले अक्षर धड दिसत नाही.

यंदा कार्यकारिणीने दुरुस्तीसाठी थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. खिडक्या रुंद कराव्यात असे काही सभासदांचे मत आहे, तर आतून पांढरा रंग दिला की पुरे असे काहींना वाटते. मी वास्तुरचना शिकलेली असल्याने ‘तूच काय ते आकड्यांत सांग’ असा निरोप मला आला आहे. अंदाजाने उत्तर देणे मला पटत नाही, कारण एकदा भिंत फोडली की ती चूक परत भरून काढता येणार नाही.

म्हणून रेडियन्स हे खोलीतल्या उजेडाचा हिशोब करणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरायचे ठरवले. विंडोजचा साधा लॅपटॉप आहे, रॅम ८ जीबी. इन्स्टॉल झाले असे वाटते आहे, पण दोन दिवस खटपट करूनही चित्र मात्र पूर्ण काळे येते, आणि कधीकधी ‘रेइनिट डॉट कॅल’ नावाची फाइल सापडत नाही अशी तक्रार येते. ज्यांनी हे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया अगदी पहिल्या पायरीपासून सांगावे.

नेरुळकर | शनिवार, रात्री १०.१५

केतकीताई, पहिली गोष्ट लक्षात घ्या की रेडियन्स हा एक प्रोग्राम नाही. ती शंभराहून अधिक लहान प्रोग्रामांची पेटी आहे आणि त्यातला प्रत्येक जण एकच काम करतो. त्यामुळे इन्स्टॉल झाल्यावर डेस्कटॉपवर चिन्ह शोधत बसलात तर काहीच हाती लागणार नाही. काळी कमांड-खिडकी उघडून तिथेच काम करावे लागते.

‘रेइनिट’ची तक्रार हमखास एकाच कारणाने येते. दोन पर्यावरण-चल (फाइली कुठे शोधायच्या ते संगणकाला सांगणाऱ्या नोंदी) नीट बसलेले असावे लागतात. पाथमध्ये रेडियन्सच्या ‘बिन’ फोल्डरचा पत्ता हवा आणि रेपाथ नावाच्या चलात ‘लिब’ फोल्डरचा पत्ता हवा, शिवाय चालू फोल्डर दाखवणारे एकटे टिंबही हवे. इन्स्टॉलर हे स्वतः करतो, पण आधीपासून उघडी असलेली कमांड-खिडकी जुनेच पत्ते धरून बसते. ती बंद करून नवी उघडा आणि मगच तपासा.

कामाचे फोल्डर थेट सी ड्राइव्हवर, छोट्या रोमन नावाचे आणि नावात मोकळी जागा नसलेले ठेवा. नोटपॅडमध्ये फाइल साठवताना शेवटी गुपचूप ‘टीएक्सटी’ लागत नाही ना, हेही पाहा. यात माझा एक अख्खा रविवार गेला होता.

आणखी एक सांगतो, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. कमांड पॉवरशेलमध्ये देऊ नका, जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्येच द्या. ‘ओकॉन्व्ह’ दृश्याची ऑक्ट्री, म्हणजे पुढच्या हिशोबासाठी एकत्र केलेली फाइल, बनवतो तेव्हा बाहेर पडणारी माहिती साधा मजकूर नसते. विंडोजसोबत येणारे पॉवरशेल बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये वळवताना तिला मजकूर समजून बदलून टाकते आणि ऑक्ट्री निकामी होते. त्यानंतरचे सारे श्रम वाया जातात, आणि चूक आपल्या दृश्यात आहे असेच आपल्याला वाटत राहते.

सावली_ऐरोली | शनिवार, रात्री १०.३२

माझेही चित्र काळेच येते आहे. या धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

पेन्सिल_आणि_पट्टी | शनिवार, रात्री ११.०५

माझे मत थोडे वेगळे आहे. मी वाशीत अंतर्गत सजावटीची कामे करते आणि डायलक्स इव्हो वापरते. ते फुकट मिळते, खोली माउसने काढता येते, दिव्यांच्या कंपन्यांच्या फाइली थेट घेता येतात आणि दिवसाच्या उजेडाचा हिशोबही होतो. तुम्हाला एका खोलीचे उत्तर हवे आहे. त्यासाठी कमांड लिहायला शिकण्यात दोन आठवडे घालवण्याची खरोखर गरज आहे का? दुरुस्तीचे पैसे आणि मुलांच्या परीक्षा, दोन्ही थांबत नाहीत.

केतकी_नौपाडा | रविवार, सकाळी ८.२०

नेरुळकर, मनापासून आभार. खिडकी बंद करून नवी उघडताच ‘रेइनिट’ची तक्रार गेली. पॉवरशेलमध्येच काम करत होते हेही खरे. चित्र मात्र अजून काळेच आहे.

पेन्सिलताई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी त्यावर विचार केला. डायलक्स फुकट असले तरी मुक्तस्रोत नाही. त्याच्या आत हिशोब कसा होतो ते उघडून पाहता येत नाही. आमच्या कार्यकारिणीत दोन निवृत्त अभियंते आहेत आणि ‘हा आकडा कुठून आला’ हे ते विचारणारच. रेडियन्समध्ये भिंतीचे परावर्तन, काचेची पारदर्शकता, आकाशाचा प्रकार, सारे काही मी स्वतः लिहिलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत असते. ती फाइल छापून बैठकीत सर्वांसमोर ठेवता येते. शिवाय आमच्या मागच्या दोन सोसायट्यांनाही हाच प्रश्न आहे. त्यांना ही फाइल देता आली तर माझे श्रम कारणी लागतील.

डोंगरमाथा | रविवार, सकाळी १०.५०

काळ्या चित्राबद्दल सविस्तर लिहितो. मी घोडबंदर रस्त्यावरील एका छोट्या कार्यालयात गेली काही वर्षे हेच काम करतो आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाचे पहिले चित्र काळेच येते.

सर्वात सामान्य कारण आकाशाचे असते. ‘जेनस्काय’ ही कमांड चालवली की आकाश तयार झाले असे वाटते, पण प्रत्यक्षात ती फक्त आकाशाच्या उजळपणाचा नकाशा देते आणि उन्हाचे आकाश मागितले असेल तर सूर्य देते. तो नकाशा ज्याच्यावर पसरायचा तो घुमट आपणच लिहायचा असतो. त्यासाठी ‘ग्लो’ प्रकारचे एक द्रव्य, म्हणजे स्वतः उजळणाऱ्या पृष्ठाचे वर्णन, लिहावे, त्याला जेनस्कायने दिलेले ‘स्कायफंक’ जोडावे, आणि त्यापुढे ‘सोर्स’ प्रकारची वस्तू लिहावी जिची दिशा वर आणि कोन १८० अंश असेल. जमिनीकडच्या अर्ध्या घुमटासाठी तसेच दुसरे, दिशा खाली. हे दोन परिच्छेद नसतील तर खिडकीबाहेर निव्वळ पोकळी असते.

दुसरे कारण ‘एबी’ हा पर्याय. चेंडू जसा टप्पे खातो तसा उजेड भिंतींवर किती टप्पे खाऊन मोजायचा, हे त्या आकड्याने ठरते, आणि कुणी काही सांगितले नाही तर रेडियन्स तो शून्य धरते. घुमटाचा उजेड हाच मुळात पहिला टप्पा मानला जात असल्याने शून्यावर ढगाळ आकाशाचा कणभरही उजेड खोलीत येत नाही. तुमच्यासारख्या खोल खोलीला, जिथे कुंपणाच्या भिंतीवरून आणि मग छतावरून उजेड येतो, तिथे पाच किंवा सहा टप्पे लागतील. टप्पे वाढवले की ‘एडी’ म्हणजे किरणांची संख्याही १०२४ किंवा २०४८ पर्यंत न्यावी, नाहीतर भिंतींवर ढगांसारखे डाग पडतात.

तिसरे कारण खिडकी हेच असते. रेडियन्समधील बहुभुजातून दुसरा आकार वजा करता येत नाही. अखंड भिंत काढून तिच्यावर काच चिकटवली तर काचेमागे भिंत तशीच उभी राहते. एक तर भिंत चार तुकड्यांत लिहा, नाहीतर बहुभुजाची रेघ बाहेरच्या कोपऱ्यातून खिडकीच्या कडेपर्यंत आत न्या, भोवती फिरवा आणि त्याच वाटेने परत आणा.

काचेबद्दलही एक सूचना आहे. ‘ग्लास’ या द्रव्याला लागणारा आकडा काचेच्या माहितीपत्रकावरील पारदर्शकतेचा नसतो, काचेच्या आतून एका फेरीत पार होणाऱ्या उजेडाचा असतो. ८८ टक्के पारदर्शक साध्या काचेसाठी तो सुमारे ०.९६ होतो. थेट ०.८८ लिहिले तर खोली उगाचच अंधारी दिसेल.

केतकी_नौपाडा | रविवार, दुपारी १.१०

घुमट लिहिला नव्हता, टप्पे शून्य होते आणि खिडकीमागे भिंतही तशीच होती. तिन्ही चुका एकत्र होत्या. आत्ता पहिल्यांदा खोली दिसली. मागच्या भिंतीवरचा फळासुद्धा ओळखू येतो आहे. हे लिहिताना किती आनंद होतो आहे ते शब्दांत सांगणे अवघड आहे.

तिरीप | रविवार, दुपारी २.००

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी: सोबत एक्सक्वार्ट्झ इन्स्टॉल करावे लागते, नाहीतर चित्र दाखवणाऱ्या ‘आरव्हीयू’ची खिडकी उघडत नाही. उबुंटूवर अधिकृत भांडारातच रेडियन्सचे पॅकेज आहे, एका कमांडमध्ये काम होते, मात्र तिथली आवृत्ती बरीचदा मागची असते. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) लावूनही हेच करता येते. मी वापरतो त्या विंडोज आवृत्तीत ‘आरट्रेस’ला (ठरावीक बिंदूवरचा उजेड मोजणाऱ्या प्रोग्रामला) एकाच वेळी प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांवर काम देता येत नाही, डब्ल्यूएसएलमध्ये ते होते, आणि मोठ्या कामात तासांचा फरक पडतो.

जुना_अभियंता | रविवार, संध्याकाळी ६.४५

चित्र दिसले याचा आनंद आहे, पण केतकी, तुला कार्यकारिणीपुढे आकडा ठेवायचा आहे. चित्र सुंदर आले म्हणून आकडा बरोबर आला असे होत नाही. मी नोकरीत असताना कोणतेही नवे मीटर आले की आधी ज्याचे उत्तर ठाऊक आहे असेच काहीतरी मोजून पाहत असे. इथेही तसेच कर.

एक फाइल घे, त्यात फक्त वरचा घुमट लिही. जेनस्काय नको, उजळपणा सगळीकडे सारखा १ ठेव. खोली नाही, जमीन नाही. मग आरट्रेसला सांग की मूळबिंदूवर, वर तोंड करून ठेवलेल्या पट्टीवर किती ऊर्जा पडते. बिंदूसाठी सहा आकडे द्यायचे असतात: तीन जागेचे, तीन दिशेचे. इथे पाच शून्ये आणि शेवटी १. सोबत मोठा ‘आय’ हा पर्याय (पृष्ठावर पडणारी ऊर्जा मोजण्याचा), एबी १ आणि एए (अधल्यामधल्या अंदाजाची मुभा) शून्य.

उत्तर ३.१४ यायला हवे. सारख्या उजळ अर्धगोलाखाली आडव्या पृष्ठावर पडणारी ऊर्जा पायपटच असते, हे कागदावर सिद्ध करता येते. एबी शून्य करून पुन्हा चालव, उत्तर शून्य येईल. डोंगरमाथा यांनी टप्प्यांबद्दल जे लिहिले ते असे डोळ्यांनी दिसेल. लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे येतात, त्यांना अनुक्रमे ४७.४, ११९.९ आणि ११.६ यांनी गुणून बेरीज केली की लक्स (पृष्ठावर पडणाऱ्या उजेडाचे एकक) मिळतात. हे तिन्ही गुणक मिळून १७९ होतात. रेडियन्समध्ये एक वॅट म्हणजे १७९ ल्युमेन असा ठरलेला हिशोब आहे. म्हणजे या चाचणीत ५६२ लक्स आले पाहिजेत. हा आकडा मिळेपर्यंत खोलीला हात लावू नकोस.

केतकी_नौपाडा | रविवार, रात्री ९.५५

काका, ३.१४ आले! तिन्ही स्तंभांत तेच. एबी शून्य करताच शून्य. गेल्या तीन दिवसांत या यंत्राने दिलेल्या उत्तरावर पहिल्यांदाच माझा विश्वास बसला.

खारघर_डोंगरपायथा | सोमवार, सकाळी ९.१५

पुढच्या पायरीवर एक खड्डा आहे, तो आधीच दाखवून ठेवतो. जेनस्काय रेखांश ग्रीनिचच्या पश्चिमेला धन मानते. रेडियन्स कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड यांनी १९८५ पासून घडवले, त्यामुळे तिथली रीत तशीच राहिली आहे. काहीच सांगितले नाही तर सूर्यही कॅलिफोर्नियाचाच मिळतो. ठाण्यासाठी अक्षांश १९.२, रेखांश उणे ७२.९७ आणि प्रमाण रेखावृत्त (ज्यावरून घड्याळाची वेळ ठरते) उणे ८२.५ असे द्यावे.

यातले एकच चिन्ह चुकले तर निदान इशारा येतो, कारण रेखावृत्त आणि रेखांश यांत कित्येक तासांचा फरक दिसतो. दोन्ही चिन्हे चुकली तर मात्र काहीच तक्रार येत नाही आणि चूक तशीच राहते. तपासणी सोपी आहे. २१ जूनला घड्याळातील दुपारचे १२ द्या. जेनस्कायच्या उत्तरात वरच्या ओळींमध्ये स्थानिक सौरवेळ छापलेली असते. आपण प्रमाण रेखावृत्ताच्या पश्चिमेला साडेनऊ अंश आहोत, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या जवळजवळ चाळीस मिनिटे मागे असतो, तिथे ११.३ च्या आसपास आकडा हवा. १२.६ दिसले तर चिन्हे उलटी आहेत असे समजावे.

तुमच्या खिडक्या उत्तरेच्या आहेत म्हणून हेही सांगतो की साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, आणि त्या काळात सकाळ-संध्याकाळी तो चांगलाच उत्तरेकडून येतो. उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही हे थंड देशांच्या पुस्तकांतले वाक्य ठाण्याला लागू पडत नाही.

रेघोटी | सोमवार, दुपारी १२.३०

मजकुराच्या फाइली लिहिण्याचा एवढा आग्रह कशासाठी? हनीबी वापरले तर रेडियन्स आपोआप मागे चालते आणि आपल्याला फक्त आकार काढावे लागतात. ब्लेंडर या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हीआय-स्वीट हे जोडसॉफ्टवेअर आहे, ते तर संपूर्ण मुक्तस्रोत आहे.

डोंगरमाथा | सोमवार, दुपारी ३.२०

रेघोटी, दोन्ही साधने उत्तम आहेत आणि मोठ्या इमारतीसाठी मीही हनीबीच वापरतो. मात्र हनीबी स्वतः मुक्तस्रोत असले तरी बहुतेक जण ते ज्या राइनो या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरतात ते विकत घ्यावे लागते. चाचणी आवृत्ती ९० दिवसांची असते. हनीबीची कोणती आवृत्ती रेडियन्सच्या कोणत्या आवृत्तीशी जुळते हेही पाहावे लागते, आणि तिथे गफलत झाली की इन्स्टॉलचीच अडचण पुन्हा नव्या रूपात येते.

व्हीआय-स्वीटचे मात्र मी अवश्य समर्थन करीन. फक्त ब्लेंडरच्या स्वतःच्या सायकल्स या चित्र-यंत्रणेत काढलेले चित्र आणि व्हीआय-स्वीटने रेडियन्सकडून मोजून घेतलेला उजेड यांत गल्लत करू नये. पहिले डोळ्यांना छान दिसावे म्हणून असते, लक्स सांगण्यासाठी नसते.

तरीही पहिली खोली हाताने लिहावी असे माझे ठाम मत आहे. एक द्रव्य म्हणजे मोजून चार ओळी: पहिल्या ओळीत प्रकार आणि नाव, पुढच्या दोन ओळींत शून्ये, चौथ्या ओळीत आकडे. भिंतीच्या रंगाला लागणारे पाच आकडे, म्हणजे लाल, हिरवा, निळा, चकाकी आणि खडबडीतपणा, स्वतःच्या बोटांनी लिहिले की मग कोणत्याही सुंदर खिडकीमागे काय चालले आहे ते कळते.

सावली_ऐरोली | सोमवार, रात्री ८.४०

माझी खोलीही उजळली. आता माझा एक कटू अनुभव सांगते, म्हणजे तो दुसऱ्या कुणाला येणार नाही. ऐरोलीतील एका घरासाठी मी फिकट आणि गडद अशा दोन रंगांची तुलना करत होते. दोन्ही वेळा आकडे अगदी सारखे आले आणि मी ग्राहकांना सांगून मोकळी झाले की रंगाने काही फरक पडत नाही. नंतर लक्षात आले की वेळ वाचावा म्हणून मी ‘एएफ’ पर्यायाने टप्प्यांचा हिशोब एका फाइलीत साठवत होते, आणि रंग बदलल्यावरही रेडियन्स तीच जुनी फाइल वाचत होते. त्या घरात गडद रंग लागला आणि बैठकीची खोली आज दिवसाही अंधारी आहे. त्या काकूंना भेटले की मला अजून वाईट वाटते. दृश्यातले काहीही बदलले की ती फाइल आधी पुसावी.

पागोळी | मंगळवार, सकाळी ११.२५

सर्वांनी काच, आकाश आणि सूर्य यांच्याबद्दल लिहिले, पण आपल्याकडच्या खिडकीत निव्वळ काच असते कुठे? आधी बाहेर आलेली पेटीसारखी ग्रिल, तिच्यात कुंड्या आणि वाळत घातलेले कपडे, मग मच्छरजाळी, मग धुळीने भरलेली सरकती काच. कोपरखैरण्याला आमच्या सिडकोच्या घरात मी लक्समीटर घेऊन जाळी उघडून आणि बंद करून मोजले, तेव्हा फरक पाहून थक्क झाले. केतकी, तू जाळी धरली आहेस का? नसशील तर एकदा मोज. जाळी धाग्याधाग्याने काढण्याची गरज नाही. जेवढा उजेड ती अडवते तेवढी काचेची पारदर्शकता कमी करून लिहिलीस तरी तुझ्या कामापुरते ठीक होईल.

भिंतींच्या परावर्तनासाठी रंगाच्या शेड-कार्डावर एलआरव्ही (रंग किती उजेड परत फेकतो तो आकडा) आहे का ते पाहावे. काही कंपन्या तो देतात. शेवाळलेल्या भिंतीचे कार्ड अर्थातच कुठे मिळणार नाही, तिथे ०.१५ धरून एकदा आणि ०.२५ धरून एकदा चालव, उत्तर किती हलते ते कळेल.

जुना_अभियंता | मंगळवार, दुपारी ४.३०

पागोळीताईंनी अगदी योग्य मुद्दा मांडला. मी मोजणीची पद्धत सांगतो. सध्या श्रावणाआधीचे गच्च ढगाळ दिवस आहेत, त्यांचा फायदा घे. एकाने गच्चीवर मोकळ्या आकाशाखाली मीटर धरावे, दुसऱ्याने त्याच क्षणी बाकाच्या उंचीवर. ढग क्षणाक्षणाला बदलतात, म्हणून दोघांनी फोनवर एकाच वेळी आकडे वाचावेत. आतला भागिले बाहेरचा गुणिले शंभर, हा तुझा डेलाइट फॅक्टर. फोनमधील लक्सचे ॲप यासाठी वापरू नकोस, दोन फोन दोन उत्तरे देतात.

रेडियन्समध्ये त्याच्याशी ताडून पाहायला जेनस्कायचे ढगाळ आकाश घे आणि मोठा ‘बी’ हा पर्याय (बाहेर आडव्या पृष्ठावर पडणारी ऊर्जा) ५५.८७ ठेव. त्याला १७९ ने गुणले की बाहेर बरोबर १०,००० लक्स होतात, म्हणजे आतल्या लक्सला शंभराने भागले की थेट टक्के मिळतात.

आता मानकाबद्दल. आयएस २४४० या भारतीय मानकात अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के आणि स्वयंपाकघराला २.५ टक्के डेलाइट फॅक्टर सांगितला आहे, आणि तिथे बाहेरचा उजेड ८,००० लक्स धरतात. म्हणजे अभ्यासाला १५२ लक्स. मात्र ते आकाश ढगाळ नाही. ते १५ अंशांवर सूर्य असलेले निरभ्र आकाश आहे, सूर्य वगळून, आणि ते क्षितिजाजवळ अधिक उजळ असते. ढगाळ आकाश नेमके उलटे, माथ्यावर क्षितिजाच्या तिप्पट उजळ. तेव्हा मोजणीशी ताडायला ढगाळ आकाश, आणि मानकाशी तुलना करताना कोणते आकाश घेतले ते कागदावर स्पष्ट लिही. तुझ्या बैठकीतल्या अभियंत्यांपैकी मी एक असतो, तर पहिला प्रश्न हाच विचारला असता.

केतकी_नौपाडा | शुक्रवार, रात्री १०.१०

उशिरा लिहीत आहे, पण आता मूळ प्रश्नाचे उत्तर घेऊनच आले आहे.

बुधवारी दुपारी माझा धाकटा भाऊ एक मीटर घेऊन गच्चीवर छत्री मिटून उभा राहिला आणि मी दुसरे मीटर मागच्या बाकावर ठेवले. बाकावरच्या मुलीने आपली वही अलगद बाजूला सरकवली आणि श्वास रोखावा तशी ती स्तब्ध बसून राहिली, जणू तिच्या हालचालीनेही आकडा हलेल. भावाने फोनवर १४,२०० वाचले, माझ्यापुढे ७१ होते. म्हणजे अर्धा टक्का. त्या मुलीने विचारले, ‘ताई, कमी आहे ना?’ मी हो म्हटले.

रेडियन्समध्ये त्याच जागी आधी ०.७ टक्के येत होते. पागोळीताईंच्या सांगण्यावरून जाळी मोजली, तर तिच्यामागे उजेड सुमारे तीन-चतुर्थांशच उरतो. तो धरल्यावर ०.५३ आले. मोजलेले ०.५ आणि हिशोबाचे ०.५३ इतके जवळ आल्यावरच मी पुढच्या पर्यायांना हात घातला.

खिडक्या दोन्ही बाजूंनी तीस-तीस सेंटीमीटर रुंद केल्या तर मागच्या बाकावर ०.७ टक्के मिळतात. भिंत न फोडता कुंपणाच्या भिंतीची आतली बाजू खरवडून पांढरी केली, छताला पांढरा रंग दिला आणि जाळ्या धुऊन काढता येतील अशा केल्या, तर ०.९. खोलीच्या पुढच्या अर्ध्या भागात तर फरक याहून मोठा आहे. ढगाळ आकाशाखालचे हे आकडे आहेत आणि तसे मी कागदावर लिहिले आहे. १.९ पर्यंत मागचे बाक कोणत्याच पर्यायाने पोहोचत नाहीत, हेही मी बैठकीत लपवले नाही. शेवटच्या दोन रांगांना दिवसाही दिवा लागेल, म्हणून तिथल्या ट्यूबलाइटचे बटण वेगळे करावे असे सुचवले आहे.

पेन्सिल_आणि_पट्टी | शुक्रवार, रात्री १०.४५

केतकी, मी माझे मत बदलते आहे. कुंपणाच्या भिंतीचा विचार मी तरी केला नसता. खिडकीच्या आतलेच पाहिले असते. तुझ्या फाइली मिळतील का?

खारघर_डोंगरपायथा | शनिवार, सकाळी ७.५०

पुढे वेळ मिळाला तर वर्षभराचा हिशोबही कर. मुंबईची हवामान फाइल ईपीडब्ल्यू स्वरूपात मोफत मिळते; ‘ईपीडब्ल्यू-टू-वीया’ने ती बदलून घ्यायची आणि ‘जेनडेमॅट्रिक्स’ला द्यायची. ते आकाशाचे १४५ तुकडे करून प्रत्येक तासाचा उजळपणा देते. एप्रिलच्या सकाळी पुढच्या बाकांवर थेट ऊन येते का, हे ढगाळ आकाशाच्या टक्केवारीत कधीच दिसणार नाही.

केतकी_नौपाडा | शनिवार, सकाळी ९.३०

पेन्सिलताई, फाइली आज रात्री एकत्र करून देते. द्रव्यांच्या फाइलीत प्रत्येक आकड्याच्या शेजारी तो कुठून घेतला ते मराठीत लिहिते आहे. खारघरकर, वर्षभराचा हिशोब परीक्षा संपल्यावर नक्की करीन. कार्यकारिणीने काल चुन्यासाठी आणि छताच्या रंगासाठी होकार दिला. पाऊस थोडा उघडला की भिंत खरवडायला घेणार आहोत, आणि चुना वाळल्यावर त्याच बाकावर पुन्हा मीटर ठेवून आलेला आकडा इथे कळवीन.